झाकण मिटल्यावर

रात्री साडेनऊला मी झाकण मिटते,
पिशवीत सरकवते, चेन ओढते.
पहाटे सव्वापाचला हात घातला
तर आत तवा.
बॅटरी चार टक्के.

डेअरीवर कॅनची रांग.
फॅट, एसएनएफ, लिटर
मी वहीत पेनानं लिहीत बसते
आणि चेअरमन सर्जेराव मिशीतल्या मिशीत:
फुकटची सिस्टीम, फुकटचा ताप.

फुकटची नव्हे, मुक्त.
दोनदा सांगून झालंय.
तिसऱ्यांदा सांगायला चार टक्के पुरत नाहीत.

लॅपटॉप झाकीर तांबोळीनं मिरजेतून आणलेला,
कुठल्याशा बँकेच्या लिलावातला.
पाठीवर अजून स्टिकर आहे: कॅश काउंटर ३.
त्यावर मीच नवी सिस्टीम चढवली,
तेव्हा मीच निस्तरायचं.

काळ्या पडद्यावर विचारलं, तू झोपतोस कसा?
त्यानं दोन शब्द पुढं केले.
एक उथळ, एक खोल.
कंसात होती उथळ.
म्हणजे पडदा विझतो, पंखा थांबतो,
पण आत कुणीतरी
उशाला चप्पल घेऊन पडलेलं असतं.

खोल करून पाहिली.
झोपला. छान झोपला.
उठेना.
झाकण उघडलं तरी काळाच,
नुसता पंखा फिरतोय, एक दिवा जळतोय,
कळ दाबते, हाक मारावी तशी पुन्हा दाबते.
शेवटी बटण दहा सेकंद धरून
त्याला मारला आणि नव्यानं चालू केला.
खोल हा शब्द मी त्या ओळीतून काढून टाकला.
हात जरा थरथरत होते, हे झाकीरला सांगितलं नाही.

मग नोंदी चाळल्या.
रात्री किती वाजता कोण उठलं,
सगळं लिहून ठेवतो तो, ओळीवर ओळ:
एक बारा. एक चाळीस.
दोन पाच. तीनला सात कमी.
कुणी उठवलं, ते मात्र धड सांगत नाही.

मी आकडे पुटपुटत होते.
पलीकडं कॉटवर आप्पा.
एकतीस वर्षं वायरमन, रहिमतपूर सबस्टेशन,
सदऱ्याच्या खिशात पक्कड ठेवून झोपायचे.
पंखा थांबला की उठून बसणार: डीओ गेला.
निवृत्तीला सहा वर्षं झाली,
पक्कड आता खिळ्याला आहे,
ते अजून उठून बसतात.

म्हणाले, एक बाराला ट्रॉली गेली की उसाची.
दोन डब्यांची.
चाळीसला दुसरी. दोन पाचची लय जोरात गेली,
ताटाळ्यातली ताटं वाजली बघ.
तुला न्हाई आलं ऐकू?

नाही आलं.
माउसला आलं.

टेबलावर पडलेला बिनवायरचा माउस
रस्ता हादरला की केसभर हलायचा,
आणि पिशवीत, लॅपटॉपच्या कुशीत राहिलेलं
त्याचं नखाएवढं टोक
अंधारात त्याला ढोसायचं: ऊठ, काम आलं.
तो उठायचा.
काम नसायचं.
बंद झाकणाखाली तापत बसायचा.

कोण कोण जागं करू शकतं याची यादी असते.
झाकण, बटण, नेटवर्क, यूएसबी,
प्रत्येकापुढं चालू किंवा बंद.
यूएसबीपुढं बंद लिहिलं.
चालू केल्यावर दर वेळी विसरतो म्हणून
सुरुवातीलाच वाचेल अशा फाइलीत
तेच पुन्हा लिहून ठेवलं.
शिवाय नखही उपटून डब्यात टाकलं.
यंत्रावर विश्वास आहे, पण इतका नाही.

आप्पा बघत होते.
झोपला का त्यो?
झोपला.
उथळच का?
उथळच. पण हाक मारली तर उठंल.
मग बरं, म्हणाले, आणि कूस बदलली.

सव्वापाच. पिशवी गार.
एक्याण्णव टक्के.
चहा आधीच उकळत होता, आप्पा ओट्याशी उभे,
काही न विचारता सांगू लागले:
अडीचला एक गेली.
मागचा डबा रिकामा हुता, आवाजावरनं.