बदाम

कुटाईसीत नुगझार भट्टीत वाकतो
पाय जमिनीवरून सुटेपर्यंत,
आतल्या भिंतीवर कणीक थापतो.
लेक तेकले फोन धरून:
बाबा, पुन्हा एकदा. तोंड दिसू दे.
– विकायचाय पाव. तोंड कशाला?

रात्रीत चाळीस हजारांनी पाहिलं.
कुठून कुठून लाल बदाम आले.
सकाळी गिऱ्हाइकं तीच, अकरा.
पावात घालू का तुझे बदाम? नुगझार म्हणाला.

मग बारीहून निरोप, इटलीतल्या:
रांगेत शेवटी, करडा स्वेटर, ती माझी आई.
काठी कधीपासून घेतली तिने?
रोज एक पाव घरी पोचवा. पैसे मी पाठवते.

तेकलेने व्हिडिओ पुन्हा लावला.
काठी तिलाही आत्ताच दिसली.

गिऱ्हाइकं अजून अकराच.
एक तेवढं आता
रांगेत उभं नसतं.