पंचवीस एमबी

दोन हजार एकची वही. कापडी पाठीची, खडेबाजारातली.
पहिलं नाव: सातेरी हुंदरे, फौंड्री, उद्यमबाग.
जागा पंचवीस एमबी, वर्षाचे साडेसात हजार,
पैकी पाच रोख.
नोटांना वंगणाचा वास होता,
मोल्डिंगची काळी रेती टेबलाच्या काचेवर मागे राहिली.

"भाडं कशाचं म्हणालास?"
जागेचं.
"किती फूट?"
फुटात नसते ती, अण्णा.
"आणि हाय कुठं?"
टेक्सासला.
ते बराच वेळ तिसऱ्या रेल्वे गेटकडे बघत राहिले,
जणू टेक्सास गेटापलीकडे, अनगोळच्या अलीकडेच असावं.
"कुलूप कुणाकडं?"
मी चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला.
तो त्यांनी पाकिटात ठेवला, यल्लम्माच्या फोटोमागे.

रात्री साडेदहानंतर फोनचा दर उतरायचा.
मोडेम किंचाळायचा, मी एकेक फाइल वर चढवायचो,
लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून.
पंचवीसात सगळं बसवायचं होतं:
भट्टी, दरपत्रक, पंपांच्या कास्टिंगचे सात नमुने,
शिवाय अण्णांचा हट्ट, अठ्ठावीस कामगारांचा एकत्र फोटो.
कापला, दाबला, चाळीस केबीत आणला.
स्कॅन केलेला मूळ नऊ एमबीचा,
माझ्या डिस्कवर मावेना म्हणून पुसला.
त्या दिवसांत यालाच अक्कल म्हणत.

सहा साली साडेतीन हजार, नऊला अठराशे,
पुढे वही चोर्ला घाटासारखी नुसती उतरत गेली.
गिऱ्हाइकाचा फोन: "ती कंपनी महिन्याला एकोणऐंशी म्हणतीया. अमर्याद."
अमर्याद, पहिलं वर्ष.
दुसऱ्या वर्षी तिप्पट, ते बारीक अक्षरात.
पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह मी तीन हजारांना विकलंय,
ते फुकट झालं.
ईमेल फुकट वाटलेत,
त्याचं आता माणशी भाडं.
आधी मी विकत होतो, मग समजावत होतो,
हल्ली बहुतेक माफी मागतो.

मधे गावाचं स्पेलिंग बदललं.
गल्लीतल्या पाट्या रंगल्या, काही दोनदा.
नव्या स्पेलिंगचं नाव कुणीतरी आधीच अडवून बसलेला,
चाळीस हजार मागत होता.
अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे जुनं. हुबळीच्या आर्डरी येत्यात की त्याच्यावरच."
चिकोडीचे गुळाचे व्यापारी, बसलिंगय्या हिरेमठ,
त्यांनी मात्र दोन्ही घेतली. घासाघीससुद्धा नाही.
"एरडू इर्ली," म्हणाले. दोन्ही असू द्यात.

फौंड्री बंद होऊन चार वर्षं झाली, अण्णा जाऊन दीड.
मुलगा म्हणतो, बंद करा, व्हॉट्सॲपवर सगळं फुकटात होतंय.
मी हो म्हणतो आणि नाव पुन्हा एका वर्षासाठी भरतो.

गेल्या गुरुवारी धाकटी रेणुका आली, निपाणीहून.
"भट्टीजवळचा अण्णांचा एवढा एकच फोटो. फ्रेमपुरता मोठा करून द्या."
दुसरी रांग, डावीकडून चौथे.
मोठा केला.
नाकाचे तीन चौकोन, टोपीचे पाच,
डोळ्यांच्या जागी एकच, करडा.
अख्खी साइट अठरा एमबी. ती दुसऱ्या सर्व्हरवर हलवून दाखवली,
कुठे आहे तो, आता मलाही सांगता येत नाही.
चहावर साय धरायच्या आत पोचली.
तिथे कितीही जागा आहे, मी म्हटलं.
ती म्हणाली, "मग चेहरा का मावला नाही?"

जाताना तिने पाकीट उघडलं.
यल्लम्माच्या मागून चिठ्ठी निघाली, शाई फुटलेली, अक्षर माझं.
"हे लागेल काय?"
तो पासवर्ड मी आजवर नऊ वेळा बदललाय.
असू दे तुझ्याकडेच, म्हटलं.

वहीत नवी ओळ: हुंदरे, एक वर्ष.
येणे रकाम्यात रक्कम नाही,
फक्त, दुसरी रांग, डावीकडून चौथा.