वेंगुर्ला, बोला

एकोणीस वर्षं मी दोऱ्या लावल्या.
बंदर रोडच्या एक्स्चेंजमध्ये, उंच स्टुलावर,
समोर फळी, फळीला भोकं,
हातात पितळी टोकाची दोरी.
ज्या भोकात घालीन, त्या घरी आवाज.
बागवाल्यांचा हापूसचा भाव मुंबईला,
कस्टमच्या साहेबांचा खोकला कोल्हापूरला,
कधी मयताचा निरोप लग्नघरी गेला नाही.
एकदाच गेला. ते नंतर.

आता टेबलावर हर्षलने बसवलेला कॉम्प्युटर
आणि पेरूएवढा निळा स्पीकर, बिनदोरीचा.
बिनदोरीचा, म्हणजे कुणाच्याच हातात नाही.

सकाळी तो इंग्रजीत सांगतो: कनेक्टेड.
मी बातम्या लावते. चिडीचूप.
खालच्या कोपऱ्यात चिमुकला कर्णा, त्यावर टिचकी,
यादी उघडते.
मॉनिटर.
निळा स्पीकर.
निळा स्पीकर, हँड्स-फ्री.
आणि कुठले तरी हेडफोन,
ते तर हर्षलबरोबर वास्कोला गेले.
खूण मॉनिटरवर.
अहो, त्या मॉनिटरला तोंडच नाही!
अर्धा तास बातमीदार काचेआड ओठ हलवत होता.

निळ्यावर टिचकी मारली, आवाज आला.
वीज गेली, आली, की परत मॉनिटर.
दुपारी वरच्या भाडेकरूंच्या पोराने
स्पीकर आपल्या फोनला जोडून घेतला.
आगळात मीठ घालत होते, तेवढ्यात
माझ्याच टेबलावर कुणाची तरी विकेट पडली.

हर्षल फोनवरून शिकवतो:
"मावशे, निळो डिफॉल्ट कर."
केलो.
"आता?"
आता काय्येक नाय.
"मगे अनपेअर कर, नि परत पेअर कर."
म्हणजे काडीमोड घ्यायचा
आणि त्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न लावायचं.
तेही केलं. दोनदा.

रविवारी लिलियन.
सावंतवाडी एक्स्चेंजची लिलियन, अकरा वर्षं
रात्रपाळीला तारेच्या त्या टोकाला.
वाडी, वेंगुर्ला बोलतेय. बोल गो.
कॉल नसले की तिच्याकडे तलावावरचे बेडूक,
माझ्याकडे बंदराचा वारा,
एकमेकींना ऐकवत बसायचो.
भेट एकदाही नाही. जेमतेम एस.टी.चा तास,
पण दोघींनाही रात्रीचीच पाळी.

हर्षलने कुठून तरी तिचा पत्ता काढला.
पुण्याला असते, लेकीकडे.
स्क्रीनवर पांढऱ्या केसांची एक अनोळखी बाई,
निळ्या स्पीकरमधून तिचा आवाज
भरीव, दाट, खर्जातला.
मी हो हो म्हणत होते
आणि मनात: ही कोण?

मग काय झालं, मला नीट सांगता यायचं नाही.
माइक सुरू झाला असेल.
स्पीकर आपणहून हँड्स-फ्रीवर गेला.
आवाज एकदम बारीक झाला,
खर्ज गळला, कडेला खरखर,
नुसतं नाक आणि धार उरली,
पत्र्याच्या डब्यातून यावी तशी:
"ऐकू येता मां गो?"

वाडी!

माझा उजवा हात टेबलावर
दोरी शोधायला लागला.

हर्षल म्हणाला, तो दोष आहे.
सेटिंगमध्ये जाऊन हँड्स-फ्री काढून टाक,
आवाज कसा सिनेमासारखा येईल.
करते म्हटलं.
केलं नाही.

दर रविवारी साडेपाचला आधी मॉनिटर,
मग माझी टिचकी, मग निळा,
मग तो आपल्या मर्जीने बिघडेपर्यंत
आम्ही दोघी हवापाण्याचं बोलतो.

परवा बिघडल्यावर तिने विचारलं,
तो निरोप आठवतो?
लग्नघरी गेलेला?
आठवतो, म्हटलं.
त्या रात्री तिने पलीकडून लाइन सोडली नव्हती,
माझं रडणं थांबेपर्यंत.
ती गप्प. मी गप्प. तारेवर खरखर,
तार नसतानाही.

तीन मिनिटं होऊन गेली.
सांगायचं काम आमचंच होतं.
कुणीच सांगितलं नाही.