कलम नऊ, ओळ तिसरी

येरवड्याच्या सरकारी छापखान्यात
एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
राजपत्रं, नोटिसा, अंदाजपत्रकाच्या जाडजूड वह्या.
माझं काम अक्षराचं. अर्थाचं नाही.
वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे माझ्याकडे;
माणूस जगेल की नाही, ते मंत्रालयाकडे.

आरोग्याचा तो कायदा छपाईला आला तेव्हा
पंखा बंद होता आणि गठुळे रजेवर.
पहिल्या मुद्रितात कलम नऊ, ओळ तिसरी:
'शासन प्रत्येक रुग्णालयास आवश्यक औषधे पुरवील.'
मी बरोबरची खूण केली आणि डबा उघडला.

चार दिवसांनी दुसरं मुद्रित.
'पुरवील'वर निळ्या शाईची आडवी रेघ,
समासात कुणाचं तरी घाईचं अक्षर:
'निधीच्या उपलब्धतेनुसार पुरवू शकेल.'

आमच्या धंद्यात एक खूण असते.
चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची.
जुळाऱ्याला कळतं: राहू द्या, हा शब्द जिवंत आहे.
मी पेन्सिल टेकवली होती कागदाला.
मग वाटलं, चुकून खोडलंय असं कोण म्हणालं?
'उपलब्धते'तला ब्ध नीट जोडलाय ना,
तेवढं बघितलं.
सही केली.

काल नातवाला, सार्थकला, कुत्रं चावलं.
लक्ष्मीनगरच्या कोपऱ्यावर, पोटरीला, खोल.
महापालिकेच्या दवाखान्याला नवं प्रवेशद्वार,
ग्रॅनाइट इतकं गुळगुळीत
की लंगडणारं पोर दोनदा घसरलं.
सिस्टर भंडलकरांनी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, एक मिनिट कमी नाही.
लस दिली. लस होती.
(ती दुसऱ्या कुठल्या योजनेतली.
तिथल्या कागदावर कुणीतरी 'पुरवील' राहू दिलं असणार.
कोण असेल तो? त्याला चहा पाजला असता.)
मग म्हणाल्या, जखमेत भरायचं सीरम मात्र नाही, काका.
फेब्रुवारीपासून.

स्टोअरला रझाक तांबोळी. सभ्य माणूस, उठून उभा राहिला.
"पैसे होते," म्हणाला, "पण बांधकामाच्या लेखाशीर्षात.
तिकडचा रुपया इकडे आणायचा तर ठराव लागतो,
ठरावाला सभा, सभेला गणपूर्ती.
एकतीस मार्चला परत जाण्यापेक्षा म्हणून फरशी बसवली.
औषधाचं शीर्ष डिसेंबरातच आटलं,
नव्या वर्षाचं अजून वरून उतरलं नाही."
न मागता फाइल पुढे केली त्याने.
अकरा स्मरणपत्रं. शुद्धलेखन निर्दोष.
उत्तर एकच आलेलं,
त्यात माझ्या जुन्या ओळखीचे दोन शब्द.
तोच ब्ध. नीट जोडलेला.

मी त्याला सांगणार होतो,
अहो, हे माझ्या टेबलावरून गेलंय.
पण मागे अजून सहा जण उभे होते,
एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन.
आणि सांगून त्याने काय केलं असतं?
आणखी एक स्मरणपत्र लिहिलं असतं. बारावं.

केसपेपरच्या मागे त्याने लिहून दिलं:
'ससूनला बघावे. न मिळाल्यास बाहेरून.'
बंडगार्डनच्या पुलावर रिक्षा अडकली.
सार्थक मांडीवर डोकं ठेवून पुलाचे खांब मोजत होता,
मध्येच चुकायचा, पुन्हा एकपासून.
मी खिशातली पेन्सिल काढली.
'बाहेरून'वर सरळ रेघ ओढली,
जशी त्या निळ्या शाईवाल्याने ओढली होती, तितक्याच सहज.

सिग्नल सुटेना.
पाकिटातल्या नोटा एकदा चाचपल्या.
मग खोडलेल्या शब्दाखाली, अक्षराला एक,
टिंबं दिली चार.