नाल्याच्या उलट

प्रश्न हर्षूचा. हात धुता धुता विचारला,
"आपला नाला येते कुठून?"
देवानंद म्हणाले, "वरून."
सहा वर्षांच्या पोराला एवढं पुरत नाही,
अकराच्या मनस्वीला तर ते उत्तरच वाटत नाही.

मग धानाच्या बियाण्याची रिकामी पिशवी उलटी करून
तिच्या पांढऱ्या पाठीवर आम्ही बेत मांडला.
बारा वर्षं मी टपालाची सायकल हाणते,
इथली अंतरं माझ्या पोटऱ्यांना पाठ आहेत,
पण ती रस्त्याची.
नाला गावातून जात नाही,
गावांच्या पाठीमागून जातो,
न्हाणीघरं आणि उकिरडे बघत.

तारीख: दिवाळीनंतरचा दुसरा रविवार,
धान कापून झालेलं, मंडईची गर्दी सरलेली.
सामान: तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी, गूळ.
माणशी एक काठी.
शिट्टी. दोरी
(कशाला, ते मनस्वीनं सांगितलं नाही).
हर्षूचा एक शिंग मोडलेला प्लॅस्टिकचा बैल.
तो येणारच होता,
म्हणून लिहून टाकला.

पानठेल्यावरून झिबलमामा म्हणाले,
"लेकरं घेऊन कायले जाता बाप्पा,
जत्रा हाय का तिथं?"
उईके गार्डनं मात्र चप्पल काढून
अंगठ्यानं धुळीत रेघ ओढली.
"हे धावड्याचं झाड. याच्यापुढं नाही.
उजेडी परत.
आन् बोलत चाला, ताई.
आपण येऊन रायलो
हे त्याले आधी कळलं पाह्यजे."
"त्याचं" नाव कुणीच घेतलं नाही.

पहिल्या वळणावर नाला आमच्या ओळखीचा होता.
दुसऱ्यावर थोडा.
तिसऱ्यानंतर तो कुणा दुसऱ्याचाच,
दगडांत बोलणारा, स्वच्छ,
आमच्या घरामागं पोचेपर्यंत
काय काय सोसत असेल, असं वाटायला लावणारा.
देवानंद दोनदा घसरले.
दोरी तेव्हा कामी आली नाही,
पण मनस्वीनं ती लगेच बाहेर काढली
आणि दिवसभर खांद्यावर मिरवली.

धावड्याजवळ पोचलो तेव्हा दोन वाजत होते.
नाला आता एवढा बारीक
की हर्षू एक पाय या काठावर, एक त्या काठावर
ठेवून उभा राहिला.
"आई, माझ्याखालून जाऊन रायला नाला!"
आणि पाणी अजून येतच होतं,
झाडामागून, जिथं आम्हाला जायचं नव्हतं.

"थोडंच तर हाय," मनस्वी म्हणाली.
असेल.
मी चिखलाकडं बोट केलं.
तिथं एक पाऊल होतं, माझ्या पंजाएवढं रुंद,
नखं नसलेलं,
आणि त्यात पाणी
आत्ता कुठं झिरपायला लागलं होतं.

सगळे गप्प.
गप्प राहायचं नाही, हे आठवलं तेही गप्पच.
मग मनस्वी,
रागानं लाल, डोळ्यांत पाणी,
मोठ्यानं तेराचा पाढा म्हणू लागली.
तेरा एके तेरा, तेर दुणे सव्वीस,
आम्ही मागं मागं सरकत, मग वळून, मग भरभर.
देवानंद सातावर अडकले.
त्या जंगलात, त्या वेळी,
हर्षू हसला.

गूळ आम्ही तिसऱ्या वळणावर खाल्ला.
भाकरी घरी येऊन.

संध्याकाळी पोरगा न्हाणीमागं उकिडवा बसलेला,
पाण्याशी काहीतरी बोलत.
मी ऐकलं नाही. ऐकण्यासारखं नव्हतंच ते,
त्या दोघांचं होतं.

पिशवी अजून खुंटीला आहे.
तिच्यावर मनस्वीनं खाली एक ओळ वाढवली,
शाईचा पेन दाबून दाबून:
पुढच्या वेळी उलट. नाला जाते कुठं?

मला माहीत आहे कुठं.
वैनगंगेत. मग पुढं, पुढं, समुद्रापर्यंत.
मी सांगितलं नाही.
फक्त रात्री, सगळे झोपल्यावर,
या वर्षाची किती रजा उरली
ते बोटांवर मोजून पाहिलं.