घड्याळांच्या खोलीत पंखा

प्रफुल हेडाऊ स्टुलावर चढला,
टेस्टर दातांत धरूनच म्हणाला,
"काकू, मेन बंद केला नं?"
मी तिसऱ्यांदा हो म्हटलं.
नवतपाचा चौथा दिवस. नंदनवनात
दुपारी साडेतीनला
भिंतीसुद्धा हात लावू देत नाहीत.

दिवा खाली आला.
दुधी काचेचा वाडगा, तीन बल्बांचा,
इतवारीतून सायकलच्या हँडलला बांधून आणलेला,
आणि सायकल ह्यांनी घरापर्यंत हातात धरून, चालत.
एकवीस वर्षं झाली.
वाडग्यात किडे, बोटभर थर,
एक अख्खा, हिरवा, हलवला तर उडेल असा.
नळाखाली धरणार होते, मग आठवलं
आज टँकरचा वार नाही.
फडक्यानं पुसला.

ह्या खोलीत पंखा कधीच नव्हता.
पाहुणे विचारत, मी सांगे,
घड्याळाचं पोट उघडं असतं, त्याला वारा लागतो.
केसाहून बारीक स्प्रिंग, मोहरीहून लहान स्क्रू.
एकदा ह्यांना शिंक आली
तर आम्ही दोघं अर्धी रात्र चुंबक घेऊन
फरशीवर रांगत होतो,
कुण्या हवालदाराच्या सासऱ्याच्या घड्याळासाठी.

कूलर पलीकडच्या खोलीत.
त्याची हवा दारातून वळून येताना दमायची,
ह्यांच्या पाठीपर्यंत पोचायची नाही.
वाळ्याचा वास तेवढा पोचायचा.
बनियन ओलं, कपाळाला पंचा घट्ट,
थेंब आत पडू नये म्हणून.
डोळ्याला भिंग, वर तीन बल्ब,
आणि बल्ब म्हणजेही उन्हाळाच की.

भिंतीवर दुसऱ्यांची घड्याळं,
ज्याची त्याची वेळ.
मी एकावरही स्वयंपाक केला नाही.
ह्यांनी भिंग काढून डोळा चोळला
की कणीक मळायला घ्यायची.

दिवाळीनंतर भिंग काढलं ते काढलंच.
डॉक्टर म्हणाले, पडदा. मागचा.
गिऱ्हाईक तसंही उरलं नव्हतं,
वेळ आता ज्याच्या त्याच्या खिशात.
राहिलेली घड्याळं परत करत गेलो,
सहा जणांचे पत्ते सापडले नाहीत.
ती सहा पोह्यांच्या डब्यात आहेत.

"हुक जुना आहे काकू, पण पक्का. स्लॅबातला."
असं म्हणून प्रफुल त्याला लोंबकळला,
दोन्ही पाय स्टुलावरून उचलून,
"माझं वजन पेलते तं पंख्याचं काय!"
मी देवाचं नाव घेतलं.
हे खुर्चीत, मान आवाजाच्या दिशेला करून म्हणाले,
"पंख्याचा कप वाजेल हं. एक वायसर घाल."
त्यानं हसत हसत चढवला पंखा, आणि कप वाजला.
मग वायसर घातला.

काळी वायर, लाल वायर, तीन पाती.
"आन् उजेडाचं काय करसान मंग?"
भिंतीवर ट्यूब आहे, मी म्हटलं.
छतावर दिव्याच्या जागी
जुन्या रंगाचा गोल राहिलाय, पिस्त्यासारखा,
पंख्याच्या कपाहून चांगला चार बोटं मोठा.
झाकला जात नाही.

मेन लावला. पाच नंबर.
आधी छताचीच धग खाली आली,
कुणी झाकण काढल्यासारखी.
मग कॅलेंडर फडफडलं, औषधाची चिठ्ठी
टेबलावरून घसरत दारापर्यंत गेली.
"कसं वाटून राहिलं, काका?"

ह्यांनी टेबलावर तळहात पालथा ठेवला होता,
मध्ये थोडा उचललेला,
खाली काहीतरी झाकल्यासारखा.
खाली टेबलच होतं.

मी रेग्युलेटर दोनवर आणला.
"मस्त," हे म्हणाले.
हात तसाच.