लाकूड : अज्ञात

कपाटाच्या पाठफळीला वाळवी लागली
म्हणून कमाटीबागेतल्या म्युझियमनं मला बोलावलं.
वीणाबेन म्हणाल्या, "हळवेथी, मोरेश्वरभाई,
दोनशे वरस जूनी छे."

गदा. दक्षिण समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरची.
चिठ्ठीवर तीनच ओळी,
तिसरी : लाकूड अज्ञात.

गदा म्हटलं की मला आठवते तालमीतली, मारुतीची,
गोल, शेंदरानं जडावलेली.
ही तशी नव्हेच.
माझ्या हनुवटीला लागेल एवढी उंच, तेल पिऊन काळी.
वर एक तोंड. वाटोळे डोळे,
बुबुळांच्या जागी पुन्हा एकेक इवलं तोंड,
नाकाच्या जागीही.
उलटी केली तर मागेही तेच.
हिला पाठच नाही.

माथा मात्र खोलगट.
का, ते चादरीवर आडवी करताना कळलं :
सहज काखेत धरली
आणि बसली.

परांचीवरून पडल्यावर अण्णांनी
स्वतःची कुबडी स्वतःच केली,
तिचा माथा असाच, पटाशीनं थोडाथोडा खोलवत,
काखेत घालून बघत, परत खोलवत.

म्हणजे कुणीतरी हिच्यावर रेलून
नुसता उभा राहिला असणार.
होड्यांची वाट बघत,
पाय बदलत.
मारणं क्षणाचं.
कारागिरानं माप घेतलं ते थकव्याचं.

बुडाशी कपची उडालेली.
नख लावलं, रुतेना.
भिंगातून पाहिलं : तांबूस, बारीक आडव्या रेघा.
हे लाकूड मी ओळखतो.
करवतीचे दात खातं.

"सुरू आहे," म्हणालो.
वीणाबेन दचकल्या. "काय सुरू आहे?"
"झाड. सुरूचं झाड.
फाटकाशी सात उभी आहेत ना,
वारा नसतानाही सुंसुं करणारी, तीच.
आम्ही त्याच्या बल्ल्या करतो,
मांडवाला, परांचीला."

(अण्णा पडले ती बल्लीही.)

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुरावा लागतो,
नमुना तपासायला पाठवावा लागतो,
आणि नमुना काढायची परवानगी नाही.
बरोबरच आहे त्यांचं.

तीन दिवसांत सागाची नवी फळी बसवली.
गदा परत उभी केली,
पण फिरवून.
इतकी वर्षं जे तोंड वाळवीकडे बघत होतं
ते आता खिडकीकडे.

दोन्ही तोंडं सारखीच,
कुणाच्या लक्षात आलेलं नाही अजून.
चिठ्ठीही तीच आहे.